इंचू खय चावलो?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, म्हणजे कोकणात सगळ्यांनाच घाई असलेले दिवस. आंब्याच्या उरल्यासुरल्या पेट्या, आगोटीची म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी, कौलं परतणं, आणि किनाऱ्यावर बोटी वर ओढून शाकारायचं काम, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मी देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. मूळचा घाटावरचा, इथे येऊन नऊ वर्षं झाली, मालवणी पूर्ण समजते पण बोलायला गेलो की सिस्टर तोंडाला पदर लावून हसतात म्हणून बोलत नाही.

रात्री पावणेबारा वाजले असतील. वळवाचा पाऊस झोडपून गेलेला, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर दोन ट्यूब आणि एक पंखा एवढंच चालू, आणि गेटमधून मासळीचा टेम्पो हॉर्न वाजवत थेट पायरीपर्यंत आला. मागच्या हौद्यात चार खलाशी आणि त्यांच्यामध्ये त्यांचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. वय साधारण अठ्ठावन्न, अंगाने दणकट. नाव-गाव लिहीत नाही, पण लिहू का म्हणून त्यांना विचारलंय आणि ते "लिवा, पण फोटो नको" म्हणालेत. तर हे तांडेलकाका हौद्याची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडून पुढे वाकून बसलेले. झोपवून आत आणायला स्ट्रेचर नेलं तर आडवे व्हायलाच तयार नाहीत, पाठ टेकवली की उसळून उठतात. घामाने सदरा पिळून काढावा इतका भिजलेला, ओठ काळपट, आणि श्वासाबरोबर छातीतून येणारा आवाज कसा, तर हुक्क्यासारखा, दारात उभं राहून ऐकू येणारा.

काकी टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरल्या त्या ओरडतच, "डॉक्टरानू, ह्यांका इंचू चावलो!"

आता कोकणातल्या डॉक्टरला विंचू म्हटलं की काय होतं ते शहरातल्या मंडळींना कळणार नाही. इथला लाल विंचू म्हणजे सुजून दुखून थांबणारी गोष्ट नाही. त्याच्या विषाने शरीरातले अ‍ॅड्रेनॅलिनसारखे रस एकदम उसळतात, सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी भडकतं, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता येत नाही आणि मागे फुप्फुसात पाणी भरतं. घाम, गार हातपाय, उलट्या, धाप, तोंडाला फेस. म्हणजे समोर तांडेलकाकांचं जे चाललं होतं जवळजवळ तेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे सगळं इथेच, कोकणातल्या पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपलं, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं आणि पुढे प्राझोसिन नावाची साधी गोळी देऊन पेशंट वाचवले. गंभीर दंशात शंभरातले चाळीसेक दगावत ते प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले होते, आमचा त्यांच्याशी काही संबंध नसताना. गंमत म्हणजे प्राझोसिन हे मूळचं बीपीचंच औषध.

तर सिस्टरनी ट्रॉलीचा खण उघडून प्राझोसिनची स्ट्रिप काढली पण, आणि मीही हात पुढे केला होता.

"इंचू खय चावलो? बघितलात काय तुम्ही?" सिस्टरनी विचारलं.

बघितला कोणी नव्हता. संध्याकाळी काका बोटीवर घालायला गेल्या वर्षीचे झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, उचलत होते, ढिगात हात घालताना पायाला काहीतरी टोचलं, ते "चावला वाटतं कायतरी" म्हणाले आणि काम करत राहिले. रात्री भाकरी, भाजलेला सुका बांगडा असं जेवून झोपले आणि साडेदहाला गुदमरून उठले. मग घरात कोणीतरी म्हणालं इंचू असेल, आणि टेम्पो निघेपर्यंत त्या 'असेल'चा 'चावलो' झाला.

बीपी घ्यायला डिजिटल मशीन लावलं तर ते दोनदा फुगून एरर दाखवून गप्प. तेव्हा कपाटातलं जुनं पाऱ्याचं काढलं. ही यंत्रं आता बंद करायची आहेत पण आमच्याकडे एक राहिलंय आणि त्या रात्री राहिलं होतं ते बरं झालं. मी फुगा दाबत गेलो, पारा २००, २२०, तरी स्टेथोमध्ये ठोका ऐकू येतोच आहे, २४० ला थांबला. खालचा १३०. सिस्टर मोबाईलचा टॉर्च काचेवर धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पारो वर जातासा बाहेरच येतलो आता."

इथे एक हिशेब सांगतो, मी आता प्रत्येक बीपीच्या पेशंटला सांगतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. म्हणजे १२० चं बीपी म्हणजे पाणी एक मीटर साठ सेंटिमीटर वर चढवण्याएवढा जोर. २४० म्हणजे सव्वातीन मीटर. ज्यांच्या घरी विहीर आणि पंप आहे त्यांना लगेच कळतं, टाकी दुप्पट उंचीवर नेली तर मोटर कशी घरघरते. आणि ही मोटर दिवसाला लाखभर वेळा ठोका देते, रात्री बंद करायची सोय नाही.

छातीला स्टेथो लावला, दोन्ही बाजूंना वरपर्यंत पाण्याचे बुडबुडे. ऑक्सिजन ७४. तोपर्यंत खलाशांपैकी एकाने मागणी सुरू केली होती जी आमच्याकडे कुठल्याही आजारात पहिल्यांदा होते, "सलाईन लावा हो, हातपाय बघा कसे थंडगार पडलेहत." मी नाही म्हटलं तर तो चिडला. सरकारी दवाखान्यात साधं सलाईन पण देत नाहीत असं काहीतरी पुटपुटला. बाबा रे, माणूस आतून बुडतोय, त्याला अजून पाणी कुठे देतोस. पण हे त्या वेळी सांगायला सवड नव्हती, मी फक्त बोट दाखवून बाहेर जा म्हटलं.

खरी अडचण वेगळी होती. विंचू असेल तर पेशंट घाम-उलट्यांनी आधीच कोरडा पडलेला असू शकतो, तिथे लघवीचं इंजेक्शन जपून, आणि प्राझोसिन लगेच. जुन्या बीपीचं हृदय थकून फुप्फुसात पाणी झालं असेल तर तेच लघवीचं इंजेक्शन, लॅसिक्स, मोकळ्या हाताने. समोर दोन्हीपैकी काहीही असू शकतं आणि विचार करायला वेळ दोन-चार मिनिटांचा. मी पाय हातात घेतला. घोट्याच्या बाजूला एक लालसर ठिपका होता. त्यावर बोटाने टिचकी मारली, विंचवाच्या जागी अशी टिचकी मारली की माणूस ओरडतो, काकांनी बघितलंसुद्धा नाही. पण यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही कारण वेदना कमी आणि घाम जास्त अशी केसच कधीकधी जास्त घातक असते. सिस्टर खाली बसल्या, टॉर्च दातात धरला, आणि चिमट्याने त्या ठिपक्यातून काहीतरी ओढलं. कुसळाएवढी काडी. झापाची हीर.

"ह्यो तुमचो इंचू," त्या काकींना म्हणाल्या.

तरीसुद्धा मला खात्री दिली ती ईसीजीने. काकांना बसवूनच, पाय पलंगाखाली सोडून, ऑक्सिजन लावून, जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी, शिरेतून लॅसिक्स ४० मिलिग्रॅम आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत ४० असं सगळं चालू असताना सिस्टरनी वायरी चिकटवल्या. घामाने त्या निसटत होत्या, टॉवेलने छाती पुसून पुन्हा लावल्या. कागद बाहेर यायला लागला आणि मी बघतच राहिलो. छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमधल्या रेघा इतक्या उंच की वरच्या ओळीतल्या रेघांत घुसलेल्या, जेटीला दाटीवाटीने लागलेल्या बोटींच्या काठ्या दिसतात तशा. आम्ही उजवीकडची खोल रेघ आणि डावीकडची उंच रेघ यांची बेरीज करतो, ३५ मिलिमीटरच्या वर गेली की डावा कप्पा जाड झालाय असं समजतात. काकांची ५२ झाली. आणि त्या उंच रेघांच्या शेवटी टी-वेव्ह उलटी, खाली ओढलेली. म्हणजे जाड झालेल्या स्नायूला स्वतःलाच रक्त पुरेनासं झालंय.

विंचू एका तासात असं हृदय करू शकत नाही. हे पंधरा वर्षांचं काम होतं.

त्या रात्री काय किंवा नंतर काय, माझ्या डोक्यातून हे जात नाही की दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. विंचू रक्तवाहिन्या आवळतो आणि तासा-दोन तासांत फुप्फुसात पाणी आणतो. बीपी तेच करतं, फक्त एवढ्या सावकाश की माणसाला टोचल्याचं सुद्धा कळत नाही. विंचू चावला तर अख्खी वाडी टेम्पो घेऊन धावते. बीपी १७८ आहे म्हटलं तर माणूस "बरा, मगे येतंय" म्हणून निघून जातो.

लघवी सुटली तसा अर्ध्या-पाऊण तासात फरक दिसायला लागला. ऑक्सिजन ८८, मग ९२. काकांनी पहिलं वाक्य बोललं ते "पाणी देवा" असं. घोटभर दिलं. बीपी १९० वर आलं होतं आणि मी तिथेच समाधान मानलं. माझ्या इंटर्नशिपच्या काळात असं बीपी दिसलं की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायचे, दहा मिनिटांत आकडा खाली, सगळे खूश. आता ते करत नाहीत, कारण वर्षानुवर्षं चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि हृदयाला दाब एकदम उतरला तर रक्तच पोचत नाही आणि लकवा किंवा अ‍ॅटॅक येऊ शकतो. तरी अजूनही कोणीतरी नातेवाईक विचारतोच, ती जिभेखालची गोळी नाय काय तुमच्याकडे.

१०८ आली, मी सोबत गेलो. शिरगाव, नांदगाव तिठा, मग हायवेने कणकवली आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय. रस्त्यावर फांद्या पडलेल्या, दीड तासाच्या जागी सव्वादोन तास लागले. गाडीत काकी समोरच्या बाकावर, आणि त्या मला हळूहळू जे सांगत गेल्या ते ऐकून मला स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. काका आठ महिने आडवे झोपत नव्हते. आधी दोन उशा, मग तीन, मग रात्री दोनच्या सुमाराला उठून पडवीत खुर्चीवर जाऊन बसायचे, गार वारा घ्यायचे, पहाटे तिथेच डोळा लागायचा. बोटीवर पण केबिनला टेकून बसूनच झोप. "माका वाटला गॅस झालो. ओव्याचा पाणी करून देय मी." जेटीवरून बर्फाचा क्रेट उचलून चढताना मध्ये थांबायला लागले होते, ते खलाशांना दिसत होतं पण तांडेलाला विचारणार कोण.

आडवं झालं की पायात साठलेलं पाणी रक्तात परत येतं, थकलेलं हृदय ते पुढे ढकलू शकत नाही, फुप्फुसं ओली होतात, माणूस उठून बसतो आणि बरं वाटतं. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. इथे त्याचं नाव गॅस.

ओरोसला सकाळी रक्तातलं ट्रोपोनिन वगैरे तपासून अ‍ॅटॅक नाही हे पक्कं झाल्यावर आमच्या एका सीनियर फिजिशियननी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. मी तिथेच थांबलो होतो, अंघोळ नाही, चहा दोन झालेले. इको बघायला मला नेहमीच आवडतो कारण एरवी आपण सगळं आवाजावरून आणि आकड्यावरून ओळखतो, इथे ते हलताना दिसतं. डाव्या कप्प्याची भिंत मोजली, १६ मिलिमीटर. एरवी पुरुषाची दहाच्या आसपास असते. तुम्ही म्हणाल जाड झाली तर चांगलंच की, वल्हं मारणाऱ्याचे दंड जाड होतात तसं. सुरुवातीला शरीराचाही हिशेब तोच असतो. समोर दाब जास्त, तर भिंत जाड कर म्हणजे ताण वाटला जाईल. पण ही भिंत आतल्या बाजूला वाढते. दहा बाय दहाच्या खोलीला आतून अजून एक चिऱ्याचा थर लावत गेलात तर काय होईल, घर भक्कम होईल आणि खाट ठेवायला जागा उरणार नाही. त्यात या भिंतीत नुसता स्नायू वाढत नाही, मधेमधे चिवट धागे भरत जातात, व्रणासारखे. मग ती सैल पडत नाही. हृदयाचं निम्मं काम सैल पडण्याचं आहे हे लोकांना माहीतच नसतं, सगळ्यांना वाटतं ते फक्त दाबतं. सैल पडलं तर रक्त आत येणार. आणि त्याचा स्वतःचा रक्तपुरवठाही बहुतेक त्याच सैल वेळेत होतो.

स्क्रीनवर ते स्पष्ट दिसत होतं. कप्पा दाबला जात होता झोकात, पंपिंग ५८ टक्के, अगदी नॉर्मल. पण उघडताना अडखळत होता, गंजलेली खिडकी कशी करकरत अर्धीच उघडते तसा. आणि त्याच्या मागचा वरचा कप्पा, ज्याला ते रक्त जबरदस्तीने ढकलावं लागतं, तो फुगून ४६ मिलिमीटर झालेला, चाळीसच्या आत असायला हवा होता. हा फुगला की पुढे त्याची लय बिघडायची भीती, लय बिघडली की आत रक्ताच्या गुठळ्या, आणि गुठळी सुटली की थेट मेंदू. गावात "वारो मारलो" म्हणतात त्या कित्येक लकव्यांची सुरुवात या फुगलेल्या कप्प्यात असते.

काकांचा मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने आला होता, शिकलेला, त्याने रिपोर्ट घेऊन पहिला प्रश्न हाच केला की ईएफ, म्हणजे ते पंपिंग, ५८ आहे म्हणजे हार्ट ओके ना? फोनवर कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. मी त्याला परत आत नेऊन स्क्रीन दाखवला. हा आकडा फक्त आत आलेल्यातलं किती टक्के बाहेर टाकलं ते सांगतो. आतच कमी आलं त्याचं काय? घागरच लहान झाली आणि तुम्ही ती निम्म्याहून जास्त ओतता म्हणून खूश. आणि असंच दहा वर्षं चाललं तर पुढची पायरी उलटी, ही जाड भिंत दमून ताणली जाते, कप्पा पिशवीसारखा ढिला होतो, मग तो ५८ चा आकडाही तीस-पस्तीसवर येतो. तिथून मागे फिरणं फार अवघड.

दुपारी केंद्रात परत आलो, आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाहीये. बीपीच्या पेशंटची कार्डं आम्ही ठेवतो, सिंधुदुर्ग हा बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी एक, गोळ्या फुकट, दर महिन्याला नोंद. काकांचं कार्ड निघालं. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधलं, १७८/१०६, अ‍ॅम्लोडिपिन ५, मीठ कमी, एक महिन्याने बोलावले. खाली सही माझी. पुढच्या दोन रकान्यांत आशाताईंच्या अक्षरात "बोटीवर गेले आहेत", "बोटीवर गेले आहेत". त्यानंतर कार्ड कोरं. मला तो माणूस अजिबात आठवत नव्हता. सोमवारची ओपीडी, शंभर-सव्वाशे पेशंट, एकाला दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मी 'मीठ कमी करा' म्हटलं असणार आणि त्यांनी मान हलवली असणार.

डिस्चार्ज झाल्यावर पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा मी मुद्दाम शेवटी बोलावलं, ओपीडी संपल्यावर. चहा मागवला. विचारलं, काका तेव्हा गोळी का सोडली? त्यांनी आधी काकींकडे बघितलं, मग सांगितलं. एक स्ट्रिप खाल्ली. पाय सुजायला लागले. (अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांना सुजतात, हे मी सांगायला हवं होतं, बदलून दुसरी देता येते.) मग जेटीजवळच्या कुणाकडून तरी दुसरी गोळी घेतली, ती लघवीची निघाली. "बोटीवर धा जण, डॉक्टरानू. तांडेलान सुकाणू सोडून कितीदा उठूचा? पोरां हसाक लागली." आणि तसं डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. मग गोळी कशाला? आणि वय झालं की थोडं बीपी वाढायचंच, त्यांच्या बापसाचं पण होतं, तो गेला साठाव्या वर्षी झोपेतच, "सुखान गेलो".

वय झालं की वाढायचंच, यावरून त्यांना हसण्यात अर्थ नाही, मोठमोठे डॉक्टर हेच म्हणायचे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, दुसरं महायुद्ध चालवणारा माणूस, मार्च १९४४ मध्ये धाप लागते म्हणून तपासले तर १८६/१०८ आणि हृदय मोठं झालेलं, फुप्फुसात पाणी. त्याआधी कित्येक वर्षं आकडा चढत होता आणि घरचे डॉक्टर वयोमानाने ठीक म्हणत होते. तेव्हा धड औषधंही नव्हती, डिजिटॅलिस, कमी मीठ आणि विश्रांती. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या वेळी ३००/१९०. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या हजारो माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं काम सुरू झालं आणि तिथून हळूहळू पटलं की चढलेलं बीपी हे वय नसून आजार आहे. आणि औषधाचं म्हणाल तर आपल्याकडची सर्पगंधा, तिचा बीपीवरचा अभ्यास मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये छापला आणि जगभर ती गेली. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या परड्यात हा ती. मी घाईघाईने म्हटलं, परड्यातच राहू दे. आता तिच्यापेक्षा सोयीची औषधं आहेत.

मग मिठावर आलो, आणि इथे मी हरलो. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर. आता आगोट भरलेल्या घरात हा चमचा कुठे शोधणार? माळ्यावर खारा बांगडा, सुके बोंबील, सुकट, बरणीत मिठातल्या कैऱ्या, डब्यात पापड, आणि सकाळची पेज लोणच्याशिवाय घशाखाली जात नाही. मी म्हटलं सुक्या मासळीत मीठ फार. काका म्हणाले, "सुक्या बांगड्याक मीठ नाय घालूचा तर काय साखर घालूची?" शेवटी तडजोड झाली. खारा बांगडा आठवड्यातून एकदा, तोही आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून, आणि ज्या दिवशी बांगडा त्या दिवशी लोणचं-पापड बंद. पुस्तकी डॉक्टर मला शिव्या देतील, पण चार वर्षांपूर्वी मी पुस्तकातलंच सांगितलं होतं.

लघवीच्या गोळीचंही तसंच केलं. बोट किती वाजता सुटते, किती वाजता येते, ते आधी विचारलं. एरवी पहाटे चारला जाऊन संध्याकाळी परत येतात, तेव्हा गोळी आल्यावर साडेपाचला, म्हणजे झोपेपर्यंत काम उरकतं. दोन-तीन दिवसांच्या फेरीवर असले तर काय, यावर आम्ही बराच वेळ वाद घातला, त्यात सिस्टरनी पण भाग घेतला, आणि शेवटी केबिनमागे आडोसा करायचं ठरलं. ताडपत्री कुठे बांधायची ते काकांनी माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर काढून दाखवलं. तो कागद मी ठेवलाय.

अ‍ॅम्लोडिपिन अर्धी केली, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी, त्याने सूज उतरली. आशाताईंना मी वहीत बोटीच्या येण्याजाण्याची वेळ लिहून दिली, आता त्या घरी न जाता जेटीवर जातात. तिथे एका दुपारी त्यांनी अजून अकरा खलाशांचं बीपी घेतलं, चौघांचं १४०/९० च्या वर. त्यातला एक एकतीस वर्षांचा. सलाईनवरून माझ्यावर चिडलेला तोच.

नारळी पौर्णिमेनंतर काका परत समुद्रावर गेले. क्रेट उचलू नका म्हटलंय, ते उचलतात असा मला संशय आहे, काकी नाही म्हणतात. रात्री एक उशी. यंदा मेमध्ये, बरोबर वर्षाने, ओरोसला परत इको केला. भिंत १६ ची १४ झाली होती. वरचा फुगलेला कप्पा होता तेवढाच आहे, तो इतक्यात उतरत नाही, पण भिंत दोन मिलिमीटर कमी होणं हे मला त्या दिवशी एखाद्या सिझेरियनला बाळ रडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. रिपोर्ट घेऊन दोघं केंद्रात आले. काकांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, वासावरून कळलंच, सुके बांगडे. ते मी घेतले. मग मी रिपोर्टवर बोट ठेवून १६ आणि १४ दाखवलं, बीपी १३४/८२ दाखवलं, आणि काका जरा वेळ बघत राहिले.

"म्हणजे पातळ झाला काळीज."

"हो, थोडं झालं."

"मगे आता गोळ्यो बंद करूया?"

मी काही बोलायच्या आत दारातून काकींचा आवाज आला. "करा बंद. आणि मगे रातभर इंचू खय चावलो ता मी सोधीत बसतंय."

सिस्टरनी तोंडाला पदर लावला. मी पुढच्या महिन्याच्या स्ट्रिपा मोजायला घेतल्या.